दाब, धर, सोड

श्रीनिवासराव पिशोरकर यांनी आयुष्यात एकही बाटली न हलवता उघडलेली नाही. शहागंजातल्या डॉक्टर मुनीब यांच्या दवाखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं कंपाउंडरकी केली. पेशंटच्या हाती औषध द्यायच्या आधी बाटली तीनदा खालीवर हलवायची, एक डोळा मिटून उजेडाकडे धरायची आणि मगच बूच काढायचं, हा त्यांचा नेम. औषधाचं ठीक आहे हो, पण माणूस निवृत्त झाला म्हणून मनगट थोडंच निवृत्त होतं? घरात ते दूध हलवत, ताक हलवत, खोबरेल तेल हलवत. कुणीतरी काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडूसुद्धा त्यांनी देवापुढं ठेवायच्या आधी कानाशी नेऊन हलवला होता. "हार घालायच्या आधी मला तेवढं हलवलं नाही," असं वैदेहीबाई चारचौघांत सांगायच्या आणि श्रीनिवासराव खिडकीबाहेर बघायचे.

ते असो. गोष्ट बाटलीची नाही, गाडीची आहे.

गाडी म्हणजे एकाहत्तर सालची राखी रंगाची फियाट. डॉक्टर मुनीब यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी कंपाउंडरला दिली. सिडकोतल्या त्यांच्या रो-हाउसपुढं कडुनिंबाखाली ती गेली सहा वर्षं ताडपत्री पांघरून उभी होती. डाव्या मडगार्डवर एका जागी रंग उडालेला, थेट श्रीलंकेच्या आकाराचा डाग. गल्लीतल्या लोकांनी तिला गाडी म्हणणं केव्हाच सोडलं होतं. पत्ता सांगताना "तिथं एक ताडपत्री दिसंल, तिथून डावीकडं," असं सांगत.

आणि वैदेहीबाई हैदराबादेत होत्या. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी औरंगाबादची माणसं हैदराबादला जायची काही थांबली नाहीत. पूर्वी कोर्टकचेरीला जात, आता लेकीच्या बाळंतपणाला जातात. वैदेहीबाई अश्लेषाच्या बाळंतपणाला चार महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग नातीला दात यायचे होते. मग ती चालायला लागायची होती. मग सांभाळणारी बाई सोडून गेली. चाराचे एकोणीस महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

दसऱ्याला फोनवर श्रीनिवासरावांनी धीर करून विचारलं, "मग, कधी येणं होतंय?"

"तिथं येऊन काय करू? सहा दिवसांनी नळाला पाणी. शिवाय स्टेशनपासून रिक्षात हाडं खिळखिळी करून घ्यायची." मग त्या हसल्या. "तुमची फियाट चालू करा. ती घेऊन स्टेशनवर या, म्हणजे येते की नाही बघा."

त्या हसल्या, हे खरं. श्रीनिवासराव हसले नाहीत, हेही खरं. त्यांनी दवाखान्याचं जुनं पॅड काढलं आणि वर लिहिलं, 'फियाट. स्टेशन. वैदेही.' सवयीनं खाली 'तीन दिवस, जेवणानंतर' असंही लिहून गेले, ते मग खोडलं.

फियाटचं आणि वैदेहीबाईंचं काय नातं, ते इथं सांगायलाच हवं. चौऱ्याऐंशी साली लग्न झालं आणि त्याच वर्षी गाडी आली. श्रीनिवासराव तेव्हा इतके भिडस्त, की बायकोशी बोलताना "चहा मिळेल का", "दिवा मालवला तर चालेल का" असं भिंतीला विचारल्यासारखं बोलत. श्रावणात ती माहेरी लासूर स्टेशनला गेली. तिला आणायला हे नव्या ऐटीत जुनी गाडी घेऊन गेले. परतीच्या वाटेवर एका बैलगाडीच्या मागं ब्रेकचं पेडल जे खाली गेलं, ते वर आलंच नाही. गाडी एका बांधाला टेकून थांबली. ब्रेकच्या पाइपात हवा शिरली होती. ती काढायला माणसं दोन लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन तिथली बारीक नळी सैल करायची, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघून जातात. मग नळी आवळायची, पेडल सोडायचं, पुन्हा दाबायचं. गाडीखालून श्रीनिवासराव ओरडले, "दाब!" वरून आवाज आला, "दाबलं!" "धर!" "धरलंय!" "सोड!" असं तासभर चाललं. बायकोशी सरळ तोंडानं बोललेले ते त्यांचे पहिले तीन शब्द. त्या भरात बाटली मडगार्डवर लवंडली, ब्रेक ऑइलनं रंग खाल्ला आणि श्रीलंका झाली. पुढं अनेकांनी ती रंगवून देऊ म्हटलं. श्रीनिवासरावांनी कुणाला हात लावू दिला नाही.

तर गाडी चालू करायची ठरली. रोशन गेटचा हैदर मिस्त्री आला. त्याचे वालिद मुनीब डॉक्टरांच्या गाड्या बघत, म्हणजे माणूस खानदानी. त्यानं इंजिन दोन दिवसांत सुरू करून दिलं. मग चाकं उतरवली, ड्रम खोलले आणि बराच वेळ आत बघत बसला.

"साब, ये सिलिंडर नहीं है. लोणचं हो गया."

"म्हणजे?"

"ब्रेक ऑइल पानी पीता ना साब. हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज फिरली तर कुछ नहीं. खडी रही तो अंदर से गंज." हैदरनं बोटावर तांबडा गंज घेऊन दाखवला. "चार सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबर, पाइप, सब नया. फिर वापस खडी रखेंगे तो फिर लोणचं."

उभं राहून आतून गंजायचं, हा विषय श्रीनिवासरावांना गाडीपुरता वाटला नाही.

अश्लेषानं त्यांना फोनवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका गटात घालून दिलं होतं. तिथं विलायतेतल्या कुणा म्हाताऱ्या गृहस्थानं लिहिलं होतं, की सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरा. रंग जांभळा. पाणी पीत नाही, गाडीचा रंग खात नाही, गाडी कितीही वर्षं उभी राहिली तरी आतून सडत नाही. फक्त साध्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही, आधीचं सगळं धुऊन काढायचं. 'कितीही वर्षं उभी राहिली तरी' हे शब्द श्रीनिवासरावांनी चारदा वाचले. औषध ठरलं.

शेजारचे बद्रीनाथ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर कालव्याचं पाणी मोजलेलं, आणि त्या वर्षी धरणात मोजायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं ते लोकांच्या कामांवर देखरेख करत.

"कंपाउंडरसाहेब, पाणी न पिणारं तेल मागवताय म्हणं?"

"हो. हवेतला ओलावा..."

"कोणत्या हवेतला?" बद्रीनाथांनी आभाळाकडं हात केला. "लातूरला रेल्वेनं पाणी चाललंय. इथं माणसाला घोटभर नाय अन् तुमच्या ब्रेकला पियाला कुठून मिळणार? साधं तेल टाका, उपाशी राहील बिचारं."

घरकाम करणाऱ्या लीलाबाईंचा मुद्दा निराळाच. "वहिनी रेल्वेनं येणार, रेल्वेचे ब्रेक रेल्वेवाले बघत्यात. तुम्ही कशापाई जिवाला लावून घेता?"

श्रीनिवासराव कुणाशी वाद घालत नाहीत. अर्धा डॉक्टर असलेल्या माणसानं घालायचाही नसतो. त्यांनी पाच बाटल्यांची ऑर्डर दिली.

बाटल्या विलायतेहून मुंबईपर्यंत आल्या आठ दिवसांत. मुंबईत महिनाभर बसल्या. मग एक सरकारी पत्र आलं: 'सदर जांभळ्या द्रवाचा मानवी सेवनासाठी उपयोग होणार आहे काय?' श्रीनिवासरावांनी उत्तर लिहिलं, की नाही. दुसरं पत्र आलं, की अर्जदार कंपाउंडर असल्याचे दिसते, तरी खुलासा करावा. छत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेवर कुणीतरी शाई सांडावी तसं त्यांना झालं. त्यांनी शपथपत्र केलं, की मी हा द्रव स्वतः पिणार नाही, पेशंटला पाजणार नाही आणि माझी गाडी हाच एकमेव रुग्ण आहे. शेवटचं वाक्य वकिलानं काढायला लावलं. अखेर पार्सल सुटलं. प्रत्येक बाटलीवर, बरोबर मधोमध, 'तपासले' असं पांढरं स्टिकर चिकटवलेलं.

बाटल्या घरात आल्या आल्या श्रीनिवासरावांनी एकेक उचलून, नेमाप्रमाणं तीनदा हलवली आणि उजेडाकडे धरली. काय सुरेख जांभळा रंग! पिकल्या जांभळाचा. त्यांनी फोटो काढून हैदराबादला पाठवला. उत्तर आलं, 'नातीच्या खोकल्याचं औषधही असंच आहे.' त्याच्यापुढं हसणारा चेहरा. तो चेहरा त्यांनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

मग शस्त्रक्रिया सुरू झाली. नवे सिलिंडर बसले, रबर बदललं, पाइप बदलले. जुन्या तेलाचा थेंब राहू नये म्हणून आतून धुवायला श्रीनिवासरावांनी दवाखान्यातलं स्पिरिट आणलं. अख्ख्या गल्लीत इंजेक्शनचा वास सुटला. समोरच्या वच्छलाबाई भाजी घेऊन येत होत्या, त्या दंड चोळतच घरात गेल्या.

जांभळं तेल भरायचा दिवस उजाडला. हैदर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीशी फडकं घेऊन उभा. श्रीनिवासरावांनी बाटली घेतली, एक, दोन, तीन, उजेडाकडे धरली, बूच काढलं आणि हैदरच्या हाती दिली. हैदरनं ओतलं. पेडलवर बद्रीनाथ बसले. श्रीनिवासराव बनियन घालून गाडीखाली आडवे झाले आणि बत्तीस वर्षांनी पुन्हा म्हणाले,

"दाबा!"

"किती दाबू?"

"पूर्ण!"

"पूर्ण म्हंजे? विसर्ग हळूहळू वाढवावा लागतो. एकदम गेट उघडलं की खाली..."

"अहो, दाबा!"

बद्रीनाथांनी दाबलं. नळीतून जांभळं तेल आलं आणि त्याच्याबरोबर बुडबुडे, साबणाच्या पाण्यासारखे, बारीक, हजार. श्रीनिवासरावांनी नळी आवळली. "सोडा. दाबा. धरा." बुडबुडे. पुन्हा बुडबुडे. बद्रीनाथ मधेच पाय काढून जायकवाडीच्या भिंतीविषयी सांगू लागत आणि तेवढ्यात हवा परत आत. दुपारपर्यंत दोन बाटल्या गेल्या. पेडल दाबलं की उशीत पाय घातल्यासारखं आत जाई.

दुसऱ्या दिवशी पेडलवर लीलाबाई बसल्या. त्यांचं दाबणं जोरकस होतं. कुणावरचा तरी राग त्या पेडलवर काढत असाव्यात. पण घरातून कुकरची शिट्टी झाली, की 'धरा' चालू असताना त्या उठून जात.

"लीलाबाई, धरा म्हटलं होतं ना!"

"वरण धरू का तुमचा ब्रेक धरू?"

हैदरनं चौथी बाटली मागितली. श्रीनिवासरावांनी हलवून दिली. बुडबुडे. हैदर कपाळाला हात लावून बसला. "साब, चालीस साल में ऐसा नहीं देखा. इत्ती हवा कहाँ से आ रही? तेल में जान है क्या?" मग हळूच म्हणाला, "साधा ऑइल डालू क्या?" श्रीनिवासरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो फडकं झटकत पाठ फिरवून चहाला गेला.

बाटली एकच उरली. आणि इकडं आरटीओची तारीख येऊन ठेपली. गाडीच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. खिडकीवर काकासाहेब म्हणून कारकून होते. अत्यंत सभ्य माणूस.

"गाडी आणून दाखवा," काकासाहेब म्हणाले होते.

"कागदाशिवाय रस्त्यावर कशी आणू?"

"आणू नका. बेकायदेशीर आहे."

"मग कागद कसा मिळेल?"

"गाडी आणून दाखवली, की लगेच." मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात, "टोचन लावून आणा. ओढून आणलेल्या गाडीला आम्ही गाडी धरत नाही."

हैदरच्या जीपच्या मागं दोर बांधून फियाट निघाली. श्रीनिवासराव इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर. वाटेत नव्या वसाहतींच्या पाट्या लागल्या. 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेल्या एका पाटीखाली पाण्याच्या टँकरभोवती बायकांची रांग होती. ते सगळं श्रीनिवासरावांना दिसत होतं आणि दिसत नव्हतं. मनात ते स्टेशनच्या आवारात गाडी उभी करत होते. पुढचं दार उघडून धरत होते. काय म्हणायचं, तेही ठरलं होतं. म्हणायचं, "बसा." नको, "बस."

आवारात इन्स्पेक्टर म्हणाले, "चला काका, त्या पांढऱ्या रेघेपाशी आणून थांबवा."

साधी गोष्ट. गाडी चालण्याच्या वेगानं निघाली. श्रीनिवासरावांनी पेडल दाबलं. पेडल खाली गेलं. रेघ आली, रेघ गेली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण त्याआधी तिनं समोरच्या पाणपोईच्या रांजणाला हलकेच, अगदी नमस्कार केल्यासारखं, डोकं टेकवलं होतं. रांजण फुटला.

आवारात दोनशे माणसं असतील. सगळ्यांच्या माना वळल्या. भरलेल्या रांजणाचं पाणी फरशीवरून वाहत जमिनीत गेलं, आणि त्या उन्हाळ्यात जमिनीनं ते एका घोटात संपवलं.

एक ट्रकवाला म्हणाला, "आरं, माणसाला धडकला असतास तर चाललं असतं की!"

"पाणी सांडलं! पाणी!"

"ह्यानला धरा!"

कुणी मारलं नाही, हे खरं. पण एका पागोटंवाल्या आजोबांनी त्यांच्याकडं पाहून नुसती मान हलवली, ते मारण्यापेक्षा वाईट. काकासाहेबांनी बाहेर येऊन तोड काढली. कंपाउंडरसाहेबांनी नवा रांजण आणून द्यावा आणि आठ दिवस तो स्वतः भरावा.

म्हणजे आठ दिवस श्रीनिवासराव पिशोरकर, ज्यांच्या घरी स्वतःलाच सहा दिवसांनी पाणी, ते आपल्या टाकीतलं पाणी दोन कॅनमध्ये भरून रोज सकाळी रिक्षानं पाणपोईवर जाऊ लागले. घरात आंघोळ बादलीची तांब्यावर आली. ड्रायव्हर लोक हळूहळू ओळखायला लागले. "या, ब्रेकवाले काका!" चौथ्या दिवशी सिल्लोडचा एक टेम्पोवाला म्हणाला, "काका, पाणी हलवून कामून टाकता हो? औषध हाय का त्यात?" श्रीनिवासरावांना कळलंच नाही तो काय म्हणतोय ते.

आठव्या दिवशी दुपारी हैदराबादहून व्हिडिओ फोन आला. त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोर वैदेहीबाईंचा चेहरा, डोक्याला चष्मा अडकवलेला, मागं नातीचं रडणं. एकदा सुरुवात झाली आणि सगळंच बाहेर आलं, शपथपत्र, कुकरची शिट्टी, रांजण, पागोटंवाले आजोबा. वैदेहीबाई हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, फोन कलला, थोडा वेळ छतावरचा पंखाच दिसला. मग परत चेहरा आला, डोळे पुसत.

"थांबा, थांबा. तेल ओतलं कुणी?"

"हैदरनं."

"त्याच्या हातात बाटली कुणी दिली?"

"मी."

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग अगदी हळू विचारलं, "अहो, हलवली होतीत?"

श्रीनिवासराव खिडकीबाहेर बघू लागले.

"बाटलीवर काय लिहिलंय वाचा."

"सगळं वाचलंय. मधे तेवढं सरकारी स्टिकर आहे."

"काढा ते."

उरलेली बाटली आणली. स्टिकर नखानं निघेना. अंगठा तोंडात ओला करून त्यांनी ते चोळून काढलं. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांनी त्या मनातल्या मनात वाचल्या.

"मोठ्यानं."

"हलवू नये," श्रीनिवासराव म्हणाले. "हलवल्यास हवा मिसळते आणि लवकर निघत नाही. सावकाश ओतावे."

पलीकडं नात रडायची थांबली होती.

"सहा दिवस अन् सहा दिवस, नळाच्या दोन पाळ्या," वैदेहीबाई शेवटी म्हणाल्या, "त्या बाटलीला हात लावायचा नाही. ती हलली नाही पाहिजे. आणि लीलाबाईला पेडलवर बसवायचं नाही."

"मग कुणाला?"

"मी येते." त्या कुठंतरी बाजूला बघून बोलत होत्या. "रिक्षानं येईन. गाडी चालू झाली की येते म्हटलं होतं, पण मी आल्याशिवाय ती काही चालू होत नाही, असं दिसतंय."

बारा दिवस बाटली देवघरात होती. श्रीनिवासराव त्या फळीपाशी चप्पल न वाजवता चालत. लीलाबाईंनी झाडू मारायला घेतला की "हळू, हळू." घंटा बंद. बद्रीनाथ दर्शनाला यावं तसे येऊन वाकून बघून जात. "पातळी स्थिर हाय," म्हणत. गाडीतलं फेसाळ तेल हैदरनं सगळं काढून टाकलं होतं. रोज सकाळी श्रीनिवासराव बाटलीपुढं उभे राहून बुडबुडे बघत. तळातून एखादा सुटे, रमतगमत वर येई आणि नाहीसा होई. दोन वर्षांहून जास्त वाट पाहिलेल्या माणसाला बारा दिवसांचं काय? पण तेच निघता निघेनात.

वैदेहीबाई सकाळच्या गाडीनं आल्या. श्रीनिवासराव रिक्षा घेऊन स्टेशनवर गेले. त्यांनी ठरवलेलं वाक्य गाडीच्या दारासाठी होतं, रिक्षाला दारच नसतं, त्यामुळं ते राहिलं. वैदेहीबाई वाळल्या होत्या. केस पुढून पांढरे झाले होते, ते फोनमध्ये दिसलं नव्हतं. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी पर्समधलं तिकीट काढून नीट घडी घालून परत ठेवलं. "परतीचं रविवारचं आहे," त्या म्हणाल्या. "अश्लेषाला सुट्टी नाही हो." श्रीनिवासराव "हं" म्हणाले. हाडं खिळखिळी झाली, पण त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

चहा झाल्यावर वैदेहीबाईंनी पदर खोचला आणि फियाटच्या सीटवर जाऊन बसल्या. हैदरनं देवघरातून बाटली दोन्ही हातांत धरून आणली, ताजियाबरोबर चालावं तसा पाय टाकत. बूच उघडलं. श्रीनिवासरावांनी आपले दोन्ही हात स्वतःच पाठीमागं बांधले होते. हैदरनं टाकीच्या कडेनं बारीक धार सोडली, इतकी बारीक की आवाज नाही. टाकी भरल्यावर बाटली बाजूला ठेवून तो म्हणाला, "अब जाओ साब नीचे."

श्रीनिवासराव पाठीवर आडवे झाले. वर गाडीचं काळं पोट, शेजारी चाक, आणि डाव्या मडगार्डच्या कडेनं डोकावणारी श्रीलंका.

"दाब," ते म्हणाले.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

नळी सैल केली. जांभळं तेल आलं आणि त्यात बुडबुडे, मोठे, मोकळे, चारपाच. नळी आवळली. "सोड." पुन्हा "दाब." तीन चाकं झाली. टाकी ओसरली की हैदर वरून बारीक धार सोडत होता. उन्हं निंबावरून खाली उतरली. बद्रीनाथ फाटकाशी आले, काहीतरी सांगणार होते, वैदेहीबाईंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा गेले. घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पेडल हललं नाही.

शेवटच्या चाकाला एकच बुडबुडा आला. मग काचेसारखं स्वच्छ, पिकल्या जांभळाच्या रंगाचं तेल, आणि त्यात काही नाही. श्रीनिवासरावांनी नळी आवळली. काम झालं होतं. आता फक्त 'सोड' म्हणायचं होतं.

ते म्हणाले नाहीत.

आडव्या पडल्या जागेवरून त्यांना उघड्या दारातून वैदेहीबाईंचं पाऊल दिसत होतं. पेडलवर टेकलेलं, टाच जरा उचललेली, पायात तीच जुनी जोडवी. पेडल आता दगडासारखं घट्ट असणार. ते त्या पावलाला कळत नसेल, असं कसं म्हणावं? बत्तीस वर्षांपूर्वी बांधावर ते त्यांच्याआधी तिलाच कळलं होतं.

"अहो," वरून आवाज आला. "झालं का?"

हैदर टाकीपाशी वाकलेला होता. त्यानं स्थिर तेल पाहिलं, खाली वाकून साहेबांकडं पाहिलं, आणि पुन्हा सरळ झाला.

"नक्को छोडना भाभी," तो म्हणाला. "अंदर अभी थोडी हवा है."

मग सीट जराशी करकरली, कुणीतरी नीट रेलून बसल्यासारखी.

"धरलंय," वैदेहीबाई म्हणाल्या.